घाईची किंमत

तेहतीस वर्षं मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवलं. दर वर्षी उष्मागतिकीचं प्रकरण आलं की फळ्यावर मी तेच वाक्य लिहीत असे : उलट फिरवता येणारी, म्हणजे रिव्हर्सिबल प्रक्रिया ही अनंत सावकाश चालवावी लागते, तरच ऊर्जा अजिबात वाया जात नाही. मुलं वाक्य उतरवून घ्यायची. परीक्षेत त्याला दोन गुण असत.

एका वर्षी दुसऱ्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. "सर, अनंत वेळ कुणाकडे असतो? तेच काम तासाभरात उरकायचं असेल, तर कमीत कमी किती ऊर्जा वाया जाईल? आणि कमीत कमीच जावी म्हणून नेमकं कसं वागायचं?"

मी म्हणालो, "ते अभ्यासक्रमात नाही." वर्ग हसला, ती खाली बसली. मला उत्तर येत नव्हतं, हे मी तिला सांगितलं नाही. शिक्षकाच्या अंगवळणी पडलेल्या लबाड्यांपैकी ही एक. पुढे निवृत्त झाल्यावर वाचायला वेळ मिळाला, तेव्हा कळलं की हा प्रश्न तिच्या एकटीचा नव्हता आणि त्याचं नेमकं उत्तर गेल्या वीसेक वर्षांतच हाती आलं आहे. हा लेख म्हणजे त्या मुलीला दिलेलं उशिराचं उत्तर आहे.

आधी प्रश्न नीट मांडू. सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने १८२४ साली वाफेच्या इंजिनाबद्दल एक छोटं पुस्तक लिहिलं. उष्णतेतून जास्तीत जास्त किती काम काढता येईल, याची मर्यादा त्याने त्यात दाखवून दिली. पण ती मर्यादा गाठायची तर इंजिन इतकं हळू चालवावं लागतं की ते चालतंय असं म्हणणंच अवघड. सगळी कार्यक्षमता हाती येते आणि शक्ती शून्य होते. उष्मागतिकीचा दुसरा नियम पुढे याच विचारातून उभा राहिला, आणि त्यात घड्याळ कुठेच नाही. अपव्यय शून्यापेक्षा कमी असू शकत नाही, एवढंच तो सांगतो. दहा मिनिटांत उरकलं तर किती आणि दहा सेकंदांत उरकलं तर किती, याबद्दल तो गप्प आहे. घाईला किंमत आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. दरपत्रक मात्र नव्हतं.

मोठ्या इंजिनांसाठी असं दरपत्रक काढणं सोपं नाही. वाफेचे भोवरे, धातूची झीज, गळती अशा शंभर भानगडी आड येतात. गंमत अशी की स्वच्छ उत्तर सापडलं ते जगातल्या सर्वांत बेशिस्त हालचालीत : पाण्यात थरथरणाऱ्या सूक्ष्म कणाच्या.

रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२७ साली परागकणांतले बारीक कण सूक्ष्मदर्शकाखाली सतत हलताना पाहिले. ते जिवंत नाहीत याची त्याने खात्री करून घेतली. १९०५ साली आइन्स्टाइनने कारण सांगितलं : पाण्याचे रेणू कणाला सर्व बाजूंनी धक्के देत असतात आणि ते धक्के क्षणोक्षणी नेमके बरोबरीत सुटत नाहीत. ही कथा मराठीत अनेकदा सांगून झाली आहे, म्हणून मी तिथे रेंगाळत नाही. आपल्याला हवा आहे तो त्या धक्क्यांचा आकार. खोलीच्या तापमानाला या धक्क्यांमागची ऊर्जा साधारण ४ × १०⁻²¹ जूल असते. शंभर ग्रॅम साखरेची पुडी मीटरभर उचलायला साधारण एक जूल लागतो; त्यावरून ही रक्कम किती क्षुल्लक आहे ते दिसेल. पुस्तकात तिला बोल्ट्झमनचा स्थिरांक गुणिले तापमान म्हणतात. या लेखापुरतं मी तिला 'टिचकी' म्हणतो. पुढचा सगळा हिशेब टिचक्यांत आहे.

आता काचेचा एक मणी घ्या, दोन मायक्रोमीटर व्यासाचा. आपला केस याच्या पंचवीस-तीसपट तरी जाड असतो. तो पाण्यात सोडा. त्याला एक मायक्रोमीटर सरकवायचं आहे. पाणी विरोध करणार, आणि तो विरोध वेगाच्या प्रमाणात वाढणार. गणित शाळकरी आहे. एका सेकंदात सरकवलं तर साडेचार टिचक्या खर्च होतात. दहा सेकंद दिले तर अर्ध्या टिचकीहून थोडं कमी. एक दशांश सेकंदात ओढलं तर सेहेचाळीस. वेळ निम्मा केला की खर्च दुप्पट होतो. अंतर दुप्पट केलं, वेळ तोच ठेवला, तर चौपट.

मण्याचं आणखी एक वैशिष्ट्य इथेच सांगून ठेवतो. त्याला गती टिकवता येत नाही. ढकलणं थांबवलं की सेकंदाच्या दोन लाखांव्या भागाहूनही कमी वेळात तो ती गती विसरतो. सायकल पायडल न मारता पुढे जाते तसं त्याच्या नशिबी नाही. त्यामुळे त्याच्यासाठी पाणी हे पाणी राहत नाही, काकवी होते.

मी कोल्हापूरकडचा, त्यामुळे काकवीवरच समजावून सांगणं मला सोपं जातं. काकवीने भरलेल्या परातीत एक गोटी बुडाली आहे, आणि ती तळाला घासत नाही असं समजा. गोटीला रबरबँड बांधला आहे आणि त्याचं दुसरं टोक तुमच्या हातात आहे. तुम्हाला गोटी थेट धरता येत नाही, फक्त हात हलवता येतो. प्रयोगशाळेत रबरबँडची जागा लेझरचा झोत घेतो. एकाच झोताने सूक्ष्म मणी पकडून ठेवायची युक्ती आर्थर अॅश्किन यांनी १९८६ साली करून दाखवली. २०१८ साली त्यांना नोबेल मिळालं, तेव्हा ते शहाण्णव वर्षांचे होते. मणी झोताच्या केंद्रापासून जितका दूर जाईल तितका तो मागे ओढला जातो, अगदी रबरासारखा. केंद्र सरकवलं की मणी मागोमाग येतो.

काम असं : हात इथून तिथे न्यायचा आहे. वेळ ठरलेली आहे. कमीत कमी कष्टात कसा न्यावा?

माझ्या पिढीच्या कुठल्याही शिक्षकाने सांगितलं असतं : सावकाश, एकसारख्या गतीने, धक्का न देता. मीही हेच सांगितलं असतं, आणि ते चूक ठरलं असतं.

२००७ साली जर्मनीतल्या श्टुटगार्ट विद्यापीठातले टिम श्मीडल आणि उडो सायफर्ट यांनी या प्रश्नाचं अचूक उत्तर काढलं. उत्तम मार्ग असा : सुरुवातीलाच हाताने एक उडी घ्यायची, क्षणार्धात. मग एकसारख्या गतीने जायचं. आणि शेवटी पुन्हा एक उडी, पहिल्याइतकीच. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा छपाईची चूक असावी असं वाटलं. उडी म्हणजे घाई, आणि घाई म्हणजे अपव्यय, ही समजूत इतकी घट्ट बसलेली होती. मग काकवीचा विचार केला.

हात सावकाश निघाला तर काय होतं? रबर सैल असतं, गोटी हलत नाही. हात पुढे जाईल तसा रबराला ताण येतो आणि मग कुठे गोटी रखडत निघते. सुरुवातीचा वेळ फुकट गेला. तो भरून काढायला गोटीला नंतर जास्त वेगाने जावं लागतं, आणि काकवीत वेग महाग. खर्च वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून आधी मंद, नंतर जलद जाणं हे सतत मध्यम जाण्यापेक्षा नेहमीच महाग पडतं. गोटीने पहिल्या क्षणापासून एकाच गतीने जावं अशी इच्छा असेल, तर पहिल्या क्षणीच रबर ताणलेलं हवं. म्हणून उडी. उडी हाताची आहे, गोटीची नाही. गोटी शांतपणे एकसारखी चालली आहे. गडबड काय ती ओढणाऱ्याने करायची.

शेवटच्या उडीचं कारण थोडं वेगळं आहे. श्मीडल-सायफर्ट यांच्या प्रश्नात हात कुठे पोचला पाहिजे एवढंच ठरलेलं आहे. गोटी त्या क्षणी मागे असली तरी चालतं. त्यामुळे गोटीला शेवटपर्यंत ओढत नेण्याचा खर्च कशाला? हात अखेरच्या क्षणी एकटाच मुक्कामाला उडी मारतो. उलट गोटीही मुक्कामी पोचलीच पाहिजे अशी अट घातली, तर शेवटची उडी उलट्या दिशेला होते : गोटीला एकसारखी ओढता यावी म्हणून हात तिच्या पुढे राहिलेला असतो, तो गोटी पोचताच मागे येऊन तिला मिळतो आणि रबरातला ताण, म्हणजे त्यात साठवलेली ऊर्जा, परत वसूल करतो. शेवटी काय मागितलं आहे त्यावर उडीची दिशा ठरते. उडी मात्र टळत नाही.

आकडे सांगायला हवेत, नाहीतर नुसती चमत्कृती वाटेल. ताणलेलं रबर गोटीला ओढत स्वतःचा ताण सुमारे दोन तृतीयांशाने उतरवतं, त्याला लागणाऱ्या वेळेला 'सावरण्याचा काळ' म्हणू. पाण्यातल्या मण्याला सैलसर लेझरने धरलं तर हा काळ सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास असतो. समजा, आपल्याकडे असे दोन सावरण्याचे काळ आहेत. हात एका झटक्यात नेला तर खर्च १०० पैसे धरू. एकसारख्या गतीने नेला तर ५७ पैसे. उत्तम मार्गाने, म्हणजे पाव अंतर उडी, मधलं निम्मं अंतर संथ आणि पुन्हा पाव अंतर उडी, ५० पैसे. एकसारख्या गतीपेक्षा बचत सुमारे बारा टक्के. या उदाहरणात त्याहून फारशी जास्त बचत होतच नाही. वेळ भरपूर असेल तर दोन्ही मार्ग जवळपास सारखे पडतात. तेव्हा या शोधाने वीजबिल निम्मं होईल असं कुणी सांगितलं तर त्याच्याकडे दुर्लक्ष करावं. मोल बचतीचं नाही, उत्तर अचूक असण्याचं आहे.

इथे एक रास्त शंका येईल. मणी तर थरथरतो आहे. कधी पाणी त्याला आपल्या बाजूने ढकलेल, कधी विरुद्ध. मग खर्च ठरावीक कसा? नसतोच ठरावीक. तोच प्रयोग शंभर वेळा केला तर शंभर वेगळे खर्च येतात, आणि काही खेपांना तर पाण्यानेच आपलं काम केलेलं दिसतं. कॅनबेरातल्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतल्या गटाने २००२ साली लेझरने धरलेल्या मण्यावर हे मोजून दाखवलं : थोड्या वेळापुरता दुसरा नियम उलटा चालताना दिसतो. वर्तमानपत्रांना असे मथळे फार आवडतात. पण सरासरी काढली की नियम जागच्या जागी असतो. वर जे आकडे दिले ते सगळे सरासरीचे.

सरासरीवर थांबलो तर मात्र यादृच्छिकपणाची खरी करामत हातून निसटते. त्यासाठी एका मण्याऐवजी ढगाचा विचार करावा लागतो.

एकच प्रयोग हजार वेळा केला आहे आणि प्रत्येक खेपेला एका ठरावीक क्षणी मणी कुठे होता तिथे कागदावर ठिपका काढला आहे, अशी कल्पना करा. ठिपक्यांचा एक ढग तयार होईल : मध्ये दाट, कडेला विरळ. हा संभाव्यतेचा ढग. एखादा मणी पुढच्या क्षणी कुठे जाईल ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही, पण ढग कसा सरकेल, कसा पसरेल ते नेमकं सांगता येतं. आता प्रश्न असा : सुरुवातीचा ढग दिला आहे, शेवटी हवा तो ढग दिला आहे, मध्ये वेळ दिली आहे. लेझरने हवं ते करण्याची मुभा आहे. कमीत कमी अपव्ययात या ढगाचा तो ढग कसा करायचा?

२०११ आणि २०१२ साली एरिक ऑरेल, पाओलो मुरातोरे-जिनानेस्की, कार्लोस मेहिया-मोनास्तेरिओ, आणि दुसऱ्या लेखात त्यांच्याबरोबर क्षिश्तोफ गावेन्दस्की व रोया मोहयाई यांनी उत्तर दिलं, आणि ते उत्तर दोनशे तीस वर्षांपूर्वीच्या एका मातीकामाच्या प्रश्नात दडलेलं निघालं.

गास्पार मोंझ हा फ्रेंच गणिती लष्करी अभियंत्यांच्या शाळेत शिकवत असे. किल्ल्याच्या तटबंदीसाठी एकीकडे खोदकाम, दुसरीकडे भराव. खणलेली माती भरावाच्या जागी न्यायची आहे. कुठल्या खड्ड्यातली माती कुठल्या भरावावर टाकली तर वाहतूक कमीत कमी होईल? १७८१ साली त्याने यावर निबंध लिहिला. त्याची एक साधी निरीक्षणवजा गोष्ट अशी की दोन गाड्यांच्या वाटा एकमेकींना छेदत असतील तर काहीतरी चुकतं आहे; मुक्काम अदलाबदल करा, वाहतूक कमी होईल. रोजगार हमीच्या कामावरचा मुकादमही हे सांगेल. पण पूर्ण उत्तर मोंझला सापडलं नाही. विसाव्या शतकात सोव्हिएत रशियातल्या लिओनिद कांतोरोविच यांनी त्याच प्रश्नाला नवं रूप दिलं आणि त्या अनुषंगाच्या कामासाठी त्यांना १९७५ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मातीचा प्रश्न मालवाहतुकीचा झाला, मग शुद्ध गणिताचा झाला.

मोंझच्या प्रश्नात खर्च अंतराच्या प्रमाणात होता. आपल्या ढगाच्या प्रश्नात तो अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात आहे, कारण काकवी. वेळ ठरलेली असताना दुप्पट दूर जायचं तर चौपट मोजावं लागतं, हे आपण मण्याच्या बाबतीत पाहिलंच. एवढा बदल केला की नियम हाती येतो : ढगाचा प्रत्येक कणभर भाग आपापल्या नेमून दिलेल्या जागी सरळ रेषेत, एकसारख्या वेगाने जातो. कुणाला कुठली जागा नेमायची ते मोंझच्या पद्धतीने ठरतं. आणि कमीत कमी अपव्यय किती? अशा रीतीने मोजलेल्या अंतराचा वर्ग भागिले वेळ, गुणिले पाण्याचा विरोध. मण्याचं जे सूत्र होतं तेच, फक्त आता ते ढगाला लागू आहे. दुसऱ्या नियमात शून्य होतं, तिथे आता घड्याळ बसलं.

मण्याची थरथर मात्र थांबलेली नाही. प्रत्येक मणी पूर्वीसारखाच वेडावाकडा धावतो आहे; सरळ रेषेत जातो तो ढगाचा प्रवाह. आणि ढग आपणहून पसरत असतोच. त्यामुळे लेझरचं काम दुहेरी आहे : जिथे पसरणं सोयीचं तिथे त्याला वाट द्यायची, जिथे गैरसोयीचं तिथे आवरायचं. यादृच्छिकपणा इथे निव्वळ अडथळा नाही, तो अर्धा हमालही आहे. जाता जाता : हेच मातीकामाचं गणित मोहयाई आणि काही सहकाऱ्यांनी २००२ साली दीर्घिकांच्या आजच्या मांडणीवरून विश्वाचा आरंभीचा नकाशा मागे जाऊन काढण्यासाठी वापरलं होतं. खंदक, दीर्घिका आणि थरथरणारा मणी असा एका गणिताचा प्रवास पाहून मला तरी अजून नवल वाटतं.

ढगाच्या या हिशेबाची सर्वांत चर्चिली जाणारी कसोटी म्हणजे पुसणं.

आयबीएममधल्या रॉल्फ लँडाउअर यांनी १९६१ साली म्हटलं की संगणकाच्या स्मृतीतला एक बिट पुसायला किमान ठरावीक ऊर्जा उष्णतेच्या रूपात टाकावीच लागते. किती? आपल्या मापात सुमारे ०.६९ टिचकी. कारण ढगाच्या भाषेत सहज दिसतं. बिट म्हणजे शेजारी शेजारी दोन खळगे. मणी डावीकडे असेल तर शून्य, उजवीकडे असेल तर एक. काय लिहिलं आहे ते माहीत नाही, म्हणजे निम्मा ढग डावीकडे, निम्मा उजवीकडे. पुसायचं म्हणजे काहीही असो, शेवटी सगळा ढग एकाच खळग्यात आणायचा. ढग आकसला, त्याची किंमत द्यावी लागते. २०१२ साली फ्रान्समधल्या लिऑं इथल्या प्रयोगशाळेत दोन मायक्रोमीटरच्या मण्यावर हे प्रत्यक्ष मोजलं गेलं. एक बिट पुसायला ते काही दहा सेकंदांपर्यंत वेळ घेत. वेळ वाढवत नेला तसा खर्च लँडाउअरच्या आकड्याकडे उतरत गेला. मर्यादेच्या वरचा खर्च वेळेच्या व्यस्त प्रमाणात होता : दुप्पट वेळ, निम्मा जादा खर्च. तेच दरपत्रक.

लोकप्रिय लेखांतून असं सुचवलं जातं की लँडाउअरची मर्यादा आता संगणकांच्या वाटेत उभी आहे. मला हे पटत नाही. आजच्या चिपमध्ये एक स्विच एकदा बदलताना याच्या हजारो पट ऊर्जा खर्च होते, तारांचा वाटा धरला तर आणखी जास्त. भिंत अजून फार लांब आहे. आपण पैसे मोजतो आहोत ते मर्यादेचे नाहीत, घाईचे आहेत. सेकंदाला अब्जावधी वेळा बदलणाऱ्या स्विचला लिऑंच्या मण्यासारखी चाळीस सेकंदांची सवड कोण देणार? ते परवडणारही नाही. पण थोडी सवड, आणि ती सवड योग्य जागी, ही गोष्ट वेगळी.

योग्य जागी म्हणजे कुठे? डेव्हिड सिवाक आणि गॅव्हिन क्रूक्स यांनी २०१२ साली त्याचा व्यवहारी नियम मांडला. वाटेत काही टप्पे असे असतात की तिथे व्यवस्था डळमळते, सावरायला वेळ घेते. तिथे हळू जा. जिथे ती पटकन सावरते, तिथे वेळ घालवू नका. आंबा घाटात जीप चालवणारा चालक वळणावर गती उतरवतो आणि सरळ पट्टीत ती भरून काढतो, तसंच. २०१९ साली कॅलिफोर्नियात कार्लोस बुस्तामांते यांच्या प्रयोगशाळेत हे डीएनएच्या एका केसाच्या आकड्यासारख्या दुमडलेल्या तुकड्यावर तपासलं. तुकडा लेझरने दोन्ही टोकांना ओढून उलगडायचा. उलगडणं आणि पुन्हा मिटणं यांच्यात तो जिथे घुटमळतो, तिथे ओढ मंद ठेवली. एकूण वेळ तेवढाच, तरी अपव्यय एकसारख्या गतीपेक्षा कमी झाला. शिवाय कुठे घुटमळतो हे आधी कळायला त्याला ओढावंही लागत नाही. तो स्वस्थ असताना किती आणि किती वेळ थरथरतो ते पाहिलं की पुरतं. एरवी मोजमापात अडथळा वाटणारी थरथर इथे वाटाड्या होते.

पेशीतल्या यंत्रांना हे सगळं ठाऊक आहे का? कायनेसिन नावाचं प्रथिन पेशीतल्या सूक्ष्मनलिकेवरून दोन पायांनी ओझं वाहत चालतं. एक पाऊल आठ नॅनोमीटरचं, प्रत्येक पावलाला एटीपीचा एक रेणू, म्हणजे सुमारे वीस टिचक्या. सेकंदाला शंभरेक पावलं. मी आपल्या मण्याएवढं ओझं साध्या पाण्यातून ओढण्याचा हिशेब केला तर एका पावलाला टिचकीचा तिसावा भागच पुरतो. पेशीतलं दाट, गर्दीचं द्रव्य धरलं तर हा आकडा वाढेल, तरी वीस टिचक्यांशी त्याचा मेळ बसत नाही. मग बाकीच्या कुठे जातात? जड ओझं आलं तर त्या कामी येतात. हे प्रथिन बऱ्याच मोठ्या विरोधातही चालत राहतं. पण हलक्या ओझ्यालाही ते तेवढीच रक्कम मोजतं, कारण थरथरत्या जगात पाऊल पुढेच पडेल, मागे नाही, याची हमी फुकट मिळत नाही. याउलट एटीपी बनवणाऱ्या प्रथिनाचा फिरणारा भाग, एफ-वन मोटर, आपली जवळजवळ सगळी ऊर्जा कामी लावतो असं मोजमापांतून दिसलं आहे. एकाच पेशीत एक उधळ्या आणि एक कंजूष. कुठे घाई करावी हे दोघांना आपापल्या परीने कळलं असावं, एवढंच मी म्हणेन; याहून जास्त म्हणणं म्हणजे निसर्गाला आपला हिशेबनीस करणं होईल.

आता पुन्हा दुसऱ्या बाकावर येतो.

हे सगळं वाचून झाल्यावर मी स्वतःची समजूत घातली होती की तिने विचारलं तेव्हा उत्तर जगात कुणाकडेच नव्हतं. ढगाचं उत्तर नव्हतं, हे खरं. पण मागच्या उन्हाळ्यात माळ्यावरच्या जुन्या वह्या काढल्या तेव्हा त्यात कपॅसिटरचं पान सापडलं. बारावीचा हमखास प्रश्न : बॅटरीने कपॅसिटर प्रभारित केला तर निम्मी ऊर्जा वाया जाते, सिद्ध करा. खाली माझ्याच अक्षरात लाल शाईने : 'रोध कितीही असो, निम्मीच. पाठ करा.' त्या 'निम्मी'मागे बॅटरी एका झटक्यात जोडली आहे हे गृहीत आहे, हे मी कधी सांगितलं नाही, कारण माझ्याही लक्षात आलं नव्हतं. कपॅसिटरवरचा प्रभार म्हणजे गोटी, रोध म्हणजे काकवी, आणि बॅटरीचं व्होल्टेज म्हणजे हात. गणित तंतोतंत तेच. ठरलेल्या वेळेत ठरलेला प्रभार भरायचा तर सर्वांत कमी उष्णता केव्हा? विद्युतधारा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी असेल तेव्हा. दोन ओळींत सुटतं. त्या दिवशी फळ्यावर खडूने करून दाखवता आलं असतं.

मग मी ते टेबलावर करून पाहिलं. हजार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, दहा किलोओहमचा रेझिस्टर, गोल खुंटीचा जुना पॉवर सप्लाय, मल्टिमीटर आणि नातवाचं स्टॉपवॉच. पाच व्होल्टपर्यंत भरायचा. पाच व्होल्ट एकदम जोडले आणि भरू दिला तर साडेबारा मिलिजूल उष्णतेत जातात. शंभर सेकंदांची सवड घेऊन धारा एकसारखी ठेवली तर अडीच. त्यासाठी करायचं एवढंच की रेझिस्टरवरचा मल्टिमीटर अर्ध्या व्होल्टवर स्थिर ठेवायचा. खुंटी पहिल्या क्षणी शून्यावरून थेट अर्ध्या व्होल्टवर न्यायची, ही उडी. मग दर दहा सेकंदांना अर्धा व्होल्ट या हिशेबाने सावकाश फिरवत साडेपाचपर्यंत चढायचं. आणि शंभरावा सेकंद पडला की एका झटक्यात पाचवर परत यायचं. पहिल्या खेपेला माझा हात सवयीने शून्यापासून हळूहळू निघाला, आणि मीटर बराच वेळ अर्ध्या व्होल्टला पोचलाच नाही.